बाळंतपण जर्मनीत : हेबामे, इस्पितळ आणि श्टांडेसआम्ट

जर्मनीत राहणाऱ्या वाचकांनी बाळंतपणाबद्दल विचारलेल्या प्रश्नांना या वेळी सदराची सगळी जागा दिली आहे. उत्तरं सरकारी आरोग्य विमा, म्हणजे क्रांकेनकासं, असलेल्यांना धरून दिली आहेत. खासगी विम्यात जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : घरी केलेली चाचणी काल पॉझिटिव्ह आली. पाळीवरून मोजलं तर सहावा आठवडा आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे फोन केला, तर तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. तोवर नुसतं थांबायचं का? (श्टुटगार्ट)

उत्तर : डॉक्टरांची वेळ उशिराची मिळाली म्हणून काळजी करू नका. पहिली सोनोग्राफी ९ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान असते. तोवर रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड सुरू करा. पोटात एका बाजूला तीव्र दुखलं, खांद्यापर्यंत कळ गेली, चक्कर आली किंवा रक्तस्राव झाला, तर मिळालेल्या वेळेची वाट न पाहता थेट इस्पितळाच्या स्त्रीरोग आपत्कालीन विभागात जा. गर्भ नळीत राहिला असेल तर तो याच आठवड्यांत धोका करतो.

थांबू नये असं एकच काम आहे : हेबामे शोधणं. ते आज संध्याकाळीच सुरू करा. हेबामे ही प्रशिक्षित, परवानाधारक सुईण. गरोदरपणातल्या तपासण्या तीही करू शकते. पण तिची खरी गरज बाळ घरी आल्यावर भासते. पहिले दहा दिवस गरजेप्रमाणे रोज आणि पुढे बाळ १२ आठवड्यांचं होईपर्यंत ती घरी येते. बाळाचं वजन, नाळ, कावीळ, तुमचे टाके, गर्भाशय किती आकसलं, दूध नीट येतंय का, हे सगळं ती बघते. खर्च क्रांकेनकासं देते. मोठ्या शहरांत हेबामे कमी आणि मागणी फार, त्यामुळे विसाव्या आठवड्यात शोधायला निघालेल्यांना बहुतेकदा नकारच मिळतो. विमा कंपन्यांच्या मध्यवर्ती संघटनेच्या संकेतस्थळावर यादी आहे, हेबामेंच्या संघटनेचं ‘अमेली’ हे शोधस्थळही आहे. निरोप लिहिताना प्रसूतीची अंदाजे तारीख, पिनकोड, कितवं बाळ आणि कोणती भाषा चालेल, एवढं पहिल्या दोन ओळींत लिहा. तारीख आणि पिनकोड दिसला की ती लगेच हो-नाही सांगू शकते.

पहिल्या-दुसऱ्या भेटीत डॉक्टर ‘मुटरपास’ नावाची छोटी वही देतील. रक्तगट, तपासण्या, सोनोग्राफीची मापं, सगळं तिच्यात असतं. ती कायम पर्समध्ये ठेवा. रस्त्यात काही झालं तर अनोळखी डॉक्टर आधी ती वहीच मागेल. तपासण्या दर चार आठवड्यांनी असतात, ३२व्या आठवड्यानंतर दर दोन. सोनोग्राफी नेमात फक्त तीनच बसतात : ९ ते १२, १९ ते २२ आणि २९ ते ३२ आठवडे. प्रत्येक भेटीत सोनोग्राफी होत नाही म्हणून डॉक्टर निष्काळजी आहेत असं समजू नका. त्याहून जास्त काही हवं असेल तर दवाखाना दरपत्रक देऊन सही घेतो आणि पैसे तुमच्या खिशातून जातात. सही करण्याआधी ‘हे वैद्यकीयदृष्ट्या गरजेचं आहे की माझ्या इच्छेवर आहे’ एवढं सरळ विचारा. बाळ मुलगा की मुलगी हे इथे कायद्याने गर्भधारणेपासून १२ आठवडे पूर्ण झाल्यावर सांगता येतं. नको असेल तर आधीच तसं सांगून ठेवा, नाहीतर सोनोग्राफी करताना डॉक्टर सहज बोलून जातात.

प्रश्न : माझं हिमोग्लोबिन १०.२ आहे. दोन महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही वाढत नाही. डॉक्टर डोस वाढवू म्हणतात. (आखेन)

उत्तर : डोस वाढवण्याआधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगा, आणि रक्ताच्या अहवालात एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) आणि एमसीएच (एका पेशीतलं हिमोग्लोबिन) हे आकडे बघा. एमसीव्ही ८० च्या खाली, एमसीएच २७ च्या खाली आणि फेरिटिन मात्र ठीक, असं असेल तर कमतरता लोहाची नसून तुम्ही बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहक असू शकता. त्यासाठी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस करतात. हिमोग्लोबिन ए-२ साधारण ३.५ टक्क्यांच्या वर गेलं की निदान पक्कं होत जातं. भारतीय उपखंडात वाहकांचं प्रमाण लक्षणीय आहे, पण जर्मनीतल्या ठरलेल्या तपासण्यांत ही चाचणी येत नाही. म्हणून ती तुम्हालाच मागावी लागते.

तुम्ही वाहक निघालात तर यजमानांची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. फक्त एकच जण वाहक असेल तर बाळाला गंभीर आजार होत नाही. दोघंही असाल तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते आणि तेव्हा ‘हुमानगेनेटिक’, म्हणजे आनुवंशिक आजारांच्या, विभागाकडे चिठ्ठी लागते. वारेच्या ऊतीची तपासणी ११ आठवड्यांनंतर होते, गर्भजलाची साधारण १६व्या आठवड्यापासून. म्हणूनच या प्रश्नात वेळ फार मोलाचा आहे. वाहक असतानाही लोह कमी असू शकतं. गोळी चहा किंवा दुधाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ वेगळं तपासून घ्या, तेही नेमात बसत नाही.

याच ओघात साखरेचं सांगतो. २४ ते २८ आठवड्यांत इथे ५० ग्रॅम ग्लुकोज देऊन एका तासाने रक्त घेतात. त्याआधी उपाशी राहावं लागत नाही. आकडा १३५ च्या पुढे गेला तर ७५ ग्रॅमची उपाशीपोटी चाचणी होते. त्यात उपाशी ९२, एका तासाने १८०, दोन तासांनी १५३ या मर्यादा आहेत आणि यांतली एक जरी गाठली तरी गरोदरपणातला मधुमेह धरतात. दक्षिण आशियाई स्त्रियांत हा धोका जास्त असतो. घरात आईवडिलांना मधुमेह असेल किंवा वजन जास्त असेल, तर पहिल्या तिमाहीतच साखर तपासा आणि पुढे थेट ७५ ग्रॅमची चाचणी मागा. ५० ग्रॅमच्या चाचणीत उपाशीपोटीची वाढलेली साखर दिसतच नाही.

प्रश्न : इस्पितळ कसं निवडायचं? आणि कळा सुरू झाल्यावर नेमकं कधी निघायचं? (लाइपझिग)

उत्तर : आधी इस्पितळाची पातळी बघा. साध्या प्रसूतिगृहात ३६ आठवडे पूर्ण झाल्यानंतरचीच बाळंतपणं होतात. त्याआधीची शक्यता असेल, जुळी असतील, रक्तदाब असेल किंवा इन्शुलिन चालू असेल, तर नवजात विभाग त्याच इमारतीत असलेलं इस्पितळ घ्या. नाहीतर बाळाला एकीकडे हलवतात आणि आई दुसरीकडे पडून राहते.

नाव नोंदवायला साधारण तिसावा ते चौतिसावा आठवडा ठीक. त्या भेटीत भूलतज्ज्ञांशीही बोलून घ्या आणि पाठीतल्या इंजेक्शनचं माहितीपत्रक वाचून सही करून ठेवा. पुढे नको वाटलं तर घेऊ नका, पण ऐन कळांत परक्या भाषेतला तीन पानी कागद वाचणं कोणालाही जमत नाही. माहितीपत्रकाची इंग्रजी प्रत मागा.

पहिल्या खेपेला कळा दर पाच मिनिटांनी आणि सलग तासभर येत असतील तर निघा. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी फोन करा. पाणी हिरवट किंवा रक्ताळलेलं असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, किंवा डॉक्टरांनी ‘डोकं अजून वर आहे’ असं सांगितलेलं असताना पाणी गेलं, तर ११२ फिरवा. या शेवटच्या प्रकारात आडवं राहूनच जायचं असतं, कारण नाळ खाली घसरू शकते. निघण्याआधी क्राइसझालमध्ये, म्हणजे प्रसूतिकक्षात, फोन करायला विसरू नका. कक्ष भरलेला असेल तर तातडी नसलेल्यांना दुसरीकडे पाठवतात. दुसऱ्या इस्पितळाचा नंबर आधीपासून जवळ ठेवा.

बाळंतपणासाठी क्रांकेनकासंच्या रुग्णाला इस्पितळात राहण्याचे रोजचे दहा युरो भरावे लागत नाहीत. नवऱ्यासह वेगळी खोली हवी असेल तर तिचे पैसे मात्र पडतात. बाळाच्या टाचेतून रक्त ३६ ते ७२ तासांत घेतात. त्याआधी घरी जायचं ठरवलंत तर ही तपासणी कोण करणार हे लेखी ठरवून मगच निघा. यू-२ ही दुसरी तपासणी तिसऱ्या ते दहाव्या दिवसात होते आणि तोवर घरी आला असाल तर बालरोगतज्ज्ञ लागतात. नवीन बाळं न घेणारे दवाखाने पुष्कळ आहेत, म्हणून डॉक्टर सातव्या-आठव्या महिन्यातच ठरवा.

प्रश्न : बाळ दोन महिन्यांचं झालं, पण श्टांडेसआम्टने, म्हणजे जन्म-विवाह नोंदणी कार्यालयाने, जन्मदाखला दिलेला नाही. आमचे भारतातले कागद ‘पडताळायचे’ आहेत म्हणतात. आम्ही अपोस्टिल (परदेशात कागद खरा धरला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) करून आणलं होतं. (फ्रांकफुर्टजवळ)

उत्तर : सगळ्यात जास्त त्रास या एका गोष्टीचा होतो, आणि तो टाळायचा तर काम गरोदरपणातच सुरू करावं लागतं.

भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात आला, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला आक्षेप घेतला. म्हणून या दोन देशांमध्ये अपोस्टिलचा शिक्का कायद्याने पुरेसा धरला जात नाही. श्टांडेसआम्टला खात्री वाटली नाही तर ते भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत कागदांची पडताळणी मागतात. वकिलातीचे वकील मूळ नोंदवही जाऊन बघतात. याला महिने लागतात आणि खर्च तुमच्याकडून घेतला जातो. काही कार्यालयं पडताळणीविना काम करतात, काही करत नाहीत. शेजाऱ्याचं लगेच झालं म्हणून आपलंही होईल असं धरू नका.

सध्या तुम्ही काय करू शकता : जन्माच्या नोंदवहीचा प्रमाणित उतारा मागा. त्यात आईवडिलांची ओळख कागदांनी सिद्ध झालेली नाही असा शेरा असतो, पण जन्म झाल्याचा पुरावा म्हणून तो चालतो. विमा, किंडरगेल्ड (बालभत्ता) आणि एल्टर्नगेल्डचे (पालकांना रजेत मिळणाऱ्या भत्त्याचे) अर्ज त्यावर सुरू करा. ‘दाखला आल्यावर बघू’ म्हणून थांबलात तर पैसे बुडतात : एल्टर्नगेल्ड मागच्या फक्त तीन महिन्यांचं मिळतं, किंडरगेल्ड सहा महिन्यांचं. खासगी विमा असेल तर बाळाची नोंद दोन महिन्यांत झाली पाहिजे. तसं केलं तर आरोग्य तपासणीशिवाय आणि जन्मदिवसापासून बाळाला संरक्षण मिळतं. तुमच्या बाबतीत ती मुदत उंबरठ्यावर आहे, म्हणून हे काम सगळ्यात आधी करा.

ज्यांना अजून वेळ आहे त्यांच्यासाठी : जन्माची नोंद तुम्ही राहता तिथे होत नाही, इस्पितळ ज्या गावात आहे तिथल्या श्टांडेसआम्टमध्ये होते. मुदत एक आठवड्याची. इस्पितळ बहुधा कागद पुढे पाठवतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात त्याच कार्यालयाला ईमेल करून ‘दोघंही भारतीय, लग्न भारतात, कोणते कागद लागतील’ असं विचारा आणि उत्तर जपून ठेवा. साधारणपणे दोघांचे जन्मदाखले, विवाह निबंधकाचा दाखला आणि पासपोर्ट मागतात. देवळाची पावती किंवा कार्यालयाचं पत्र विवाहाचा पुरावा म्हणून चालत नाही.

अडचणी नेमक्या कुठे येतात तेही सांगतो. जुन्या जन्मदाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो. असा दाखला इथे निरुपयोगी. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून नवी प्रत काढावी लागते, आणि ते काम गावाकडच्या कोणीतरी करायला हवं. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगळं असतं, त्यामुळे जन्मदाखल्यातली मुलगी आणि पासपोर्टमधली बाई एकच आहे हे विवाहदाखल्यातून दिसलं पाहिजे. त्यात माहेरचं पूर्ण नाव आहे का बघा. आईवडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग तिन्ही कागदांत एकच असावं. दाखला मराठी-इंग्रजी असा दुभाषी काढा. केवळ देवनागरी असेल तर इथला शपथबद्ध अनुवादक आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे लिप्यंतर करतो आणि ‘शिंदे’ हे आडनाव पासपोर्टपेक्षा वेगळ्याच अक्षरांत उतरतं. अनुवादकाला पासपोर्टची प्रत आधीच द्या. आणि अनुवाद जर्मनीतल्या शपथबद्ध अनुवादकाकडूनच करून घ्या.

प्रश्न : मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि मग आडनाव असं लावायचं आहे. अधिकारी म्हणतात, मुलीला पुरुषाचं नाव कसं देता येईल? (म्युनिक)

उत्तर : जर्मन पद्धतीत वडिलांचं नाव मधे लावायला वेगळी जागाच नाही, ते दुसरं पहिलं-नाव म्हणून नोंदवायला गेलं की हा आक्षेप येतो. १ मे २०२५ पासून राहत्या देशाचा कायदा आपोआप लागतो, पण आईवडील आपल्या नागरिकत्वाचा कायदा निवडू शकतात. भारतीय कायदा निवडतो असं लेखी द्या आणि तशी नोंद मागा. नोंद झाल्यावर बदल करणं फार कठीण असतं, म्हणून सही करण्याआधी मसुद्यातलं प्रत्येक अक्षर वाचा.

प्रश्न : बाळ भारतीय की जर्मन? तीन महिन्यांचं झालं की आम्हाला पुण्याला जायचं आहे. (बर्लिन)

उत्तर : तिकिटं इतक्यात काढू नका.

जन्माच्या दिवशी आई किंवा वडील यांपैकी एकजण जर्मनीत पाच वर्षं कायदेशीर राहिलेला असेल आणि त्याच्याकडे कायम वास्तव्याचा हक्क असेल, तर बाळ जन्मतःच जर्मन असतं. २७ जून २०२४ पूर्वी ही अट आठ वर्षांची होती. निव्वळ ब्लू कार्ड (कुशल नोकरदारांचा मुदतीचा परवाना) असेल तर हा हक्क मिळत नाही. याची शहानिशा श्टांडेसआम्ट स्वतः करतं. जर्मन पासपोर्ट घेतलात तर भारतीय पासपोर्ट घेता येत नाही. अशा बाळासाठी ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड काढतात, आणि ते हाती येईपर्यंत भारतात जायला व्हिसा लागतो.

ही अट पूर्ण होत नसेल तर बाळाचा जन्म एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात किंवा हांबुर्ग, फ्रांकफुर्ट, म्युनिक इथल्या वाणिज्य दूतावासात नोंदवा आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्या. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते. मग पासपोर्ट, आणि पासपोर्ट आल्यावर आउसलेंडरबेहोर्डंकडून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून, वास्तव्याचा परवाना. परवान्याचा अर्ज जन्मापासून सहा महिन्यांत गेला पाहिजे. पासपोर्ट हातात नसला तरी अर्ज करून पोच घ्या. परवान्याशिवाय बाळाला घेऊन भारतात गेलात तर परत येताना अडकाल. जन्मदाखला, पासपोर्ट आणि परवाना ही तीन कामं एकामागून एकच होतात, त्यामुळे तीन महिने सहसा पुरत नाहीत.

लसींचंही बघा. जर्मनीत बीसीजी १९९८ पासून सर्वसाधारण शिफारशीत नाही. भारतात लांबचा मुक्काम असेल तर बालरोगतज्ज्ञांशी त्याबद्दल बोला. षड्गुणी लस दोन, चार आणि अकरा महिन्यांना असते. गोवराची लस नेमाने अकराव्या महिन्यात येते, पण प्रवासासाठी ती लवकर देता येते. आईने स्वतः २८ आठवड्यांनंतर डांग्या खोकल्याची लस घेतली तर पहिले महिने बाळाला संरक्षण मिळतं.

प्रश्न : सासूबाईंना किती आधी बोलवावं? (कलोन)

उत्तर : व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं आणि मुदत सहसा वाढत नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. रक्तदाब-मधुमेहाचे जुने आजार त्यात बहुधा येत नाहीत, म्हणून तीन महिन्यांची औषधं आणि चिठ्ठी बरोबर असू द्या. प्रसूतीच्या तारखेआधी महिनाभर येऊन बसण्यापेक्षा नवऱ्याने पहिला महिना रजा घ्यावी आणि सासूबाईंनी त्याच्या शेवटी यावं, म्हणजे मदत चार महिने पुरते.

प्रश्न : दोघंही नोकरी करतो. पैशांचं काय आधी ठरवायचं? (हांबुर्ग)

उत्तर : कर-वर्ग. एल्टर्नगेल्ड निव्वळ पगारावरून ठरतं, साधारण ६५ ते ६७ टक्के, महिना ३०० ते १८०० युरो. आईची रजा सुरू होते त्या महिन्याआधीच्या बारा महिन्यांत जो कर-वर्ग जास्त महिने होता तो धरतात. म्हणजे तिला वर्ग तीन (ज्यात कर कमी कापला जाऊन निव्वळ पगार जास्त येतो) मिळवायचा असेल तर रजेआधी किमान सात महिने तो लागू हवा. गरोदर असल्याचं कळल्याच्या महिन्यातच अर्ज केला तरच हे जमतं.

प्रसूतीच्या तारखेआधी सहा आणि नंतर आठ आठवडे रजा असते. अपुऱ्या दिवसांचं बाळ किंवा जुळी असतील तर नंतर बारा. या काळात क्रांकेनकासं दिवसाला १३ युरोपर्यंत देते आणि वरचा फरक कंपनी भरते. वडिलांनी रजेची सूचना सात आठवडे आधी द्यावी. दोघांनी एकत्र एल्टर्नगेल्ड घेऊन दोन महिने भारतात जायचा बेत आता चालत नाही : एप्रिल २०२४ पासून पहिल्या वर्षात दोघांना मिळून एकत्र फक्त एकच महिना घेता येतो. जुळी आणि अपुऱ्या दिवसांची बाळं याला अपवाद आहेत. वार्षिक करपात्र उत्पन्न १,७५,००० युरोंच्या वर असेल तर १ एप्रिल २०२५ पासून जन्मलेल्या बाळांसाठी एल्टर्नगेल्ड मिळत नाही.

प्रश्न : बाळ पाच आठवड्यांचं आहे. बायको रोज रडते, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नाही. इथे आमचं कोणी नाही. (ड्रेस्डेन)

उत्तर : तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. पाच आठवडे टिकलेलं रडू आणि बाळ झोपलेलं असतानाही न येणारी झोप ही प्रसूतीनंतरच्या नैराश्याची ठळक खूण आहे. तिला बरं वाटेल असं समजावत बसू नका. हा आजार आहे आणि तो उपचारांनी बरा होतो. हेबामेला आजच फोन करून हेच दोन मुद्दे सांगा. ती किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली भरून घेतील. स्तनपान चालू असताना घेता येतील अशी औषधं आहेत, आणि काही मनोरुग्णालयांत आई-बाळ एकत्र राहतील असे विभाग आहेत. डॉक्टर बंद असतील तेव्हा ११६११७. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार ती बोलून दाखवत असेल तर ११२, आणि तोवर तिला एकटी सोडू नका.

घर सांभाळायला माणूस नसेल तर डॉक्टरांकडून ‘हाउसहाल्ट्सहिल्फं’साठी चिठ्ठी घ्या. बाळंतपणामुळे घरकाम करता येत नसेल आणि घरात दुसरं कोणी करू शकत नसेल, तर क्रांकेनकासं मदतनिसाचा खर्च देते. अर्जात तुमचे कामाचे तास लिहा आणि मंजुरी आल्यावरच माणूस ठेवा. रात्रीचं एक दूध तुम्ही पाजायला घेतलंत तर तिला सलग पाच तास झोप मिळेल, त्याची सुरुवात आज रात्रीच करा.